ताटातली वाफ

नत्थूजींनी पुन्हा तोंड फिरवलं. आळणभाताचा घास गालावरून उशीवर सांडला.

मैनाबाईने पदराने त्यांचा गाल पुसला. भात आत्ताच चुलीवरून उतरवला होता. "एक घास घ्या ना जी," ती म्हणाली. नत्थूजींनी ओठ आणखी घट्ट मिटले. उजवं अंग गेलं, वाचा गेली, हट्ट मात्र जागच्या जागी होता.

हा पाचवा दिवस. चमचा-चमचा पाणी तेवढं घशाखाली उतरत होतं. गल्लीच्या तोंडावरचे डॉक्टर सकाळी नाडी पाहून गेले. पोटात अन्नच गेलं नाही तर माझ्या गोळ्या काय करतील, असं म्हणत त्यांनी बॅग उचलली. तेव्हापासून मैनाबाईला काही सुचत नव्हतं. हा माणूस डोळ्यांदेखत जाणार आणि आपण पळी हातात धरून बघत बसणार, एवढंच तिला दिसत होतं.

आणि माणूस कोण, तर नत्थूजी! तांडापेठेतल्या कोष्ट्यांमध्ये त्यांच्या खाण्याचे किस्से सांगितले जायचे. मागावर दहादा धागा तुटला तरी ते चिडायचे नाहीत, पण ताटातून वाफ निघाली नाही की ताट सरकवून उठायचे. "आमच्या घरी शिळं कोणी खात नाही," असं चारचौघांत छाती काढून सांगायचे. दवाखान्यातून सायकल रिक्षाने घरी आणलं, त्यानंतरही पहिले आठ दिवस ते नीट जेवले. खाट बाहेरच्या खोलीत, मागाच्या शेजारी होती. मैनाबाई आतून गरमागरम कालवून न्यायची आणि वाटी रिकामी करून आणायची. मग तिनेच सोयीसाठी खाट स्वयंपाकघरात हलवली. चुलीपाशी बसून त्यांच्यावर लक्ष ठेवता येईल, एवढाच विचार. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी तोंड बंद केलं.

"धूर लागत असन वं त्याइले," शेजारची सखूबाई म्हणाली. मैनाबाईने खाट खिडकीशी ओढली. झुणका केला. गोळाभात केला. तिखट कमी करून सावजी रस्सा केला, ज्याच्या नुसत्या वासाने नत्थूजी माग सोडून उठायचे. आता उठणं त्यांच्या हातात नव्हतंच, पण ते मानही इकडे वळवेनात. तेव्हा सखूबाईने आवाज खाली आणला. "मन उठलं असन त्याइचं. जगायची इच्छा असली तं माणूस खाते."

ते बोलणं मैनाबाईच्या काळजात रुतून बसलं. आपल्या हातचं खाऊन चौतीस वर्षं जगलेला माणूस आता आपल्याच हातून उपाशी मरायला निघाला होता.

तिने भाताची वाटी गरम राहावी म्हणून चुलीच्या वैलावर ठेवली. मागितलीच तर! थोडी रडली. मग भूक लागली, ती काही कोणासाठी थांबत नाही. टोपल्यातून तिने कालची ज्वारीची भाकर काढली. जवसाची चटणी घेतली, वर कच्चं तेल सोडलं. कालचीच वांग्याची थंड भाजी बाजूला वाढून घेतली आणि चुलीपाशी बसली.

ती कायम अशीच जेवायची. नत्थूजी हात धुऊन मागावर जायचे, बाहेर खटखट सुरू व्हायची, मग ती मागे उरलेलं घेऊन बसायची. खरं सांगायचं तर तिला ते फार आवडायचं. रात्रभर मुरलेली भाजी, कडक झालेली भाकर, आणि मागे लागायला कोणी नाही. दिवसभरातला तेवढाच वेळ तिचा स्वतःचा असायचा.

"अं," खाटेवरून आवाज आला.

तिने वळून पाहिलं. नत्थूजी तिच्या ताटलीकडे बघत होते. डोळे भरले होते. डावा हात कसाबसा उचलून ते ताटलीकडे बोट दाखवत होते.

"हे शिळं हाय जी. कालचं."

त्यांनी मान हलवली. ते त्यांना ठाऊक होतं. मग ते बोट वैलावरच्या वाटीकडे गेलं आणि तिथून मैनाबाईकडे वळलं. पुन्हा वाटीकडे. पुन्हा तिच्याकडे.

मैनाबाईचा घास हातातच राहिला. चौतीस वर्षांत या माणसाने आपल्याला जेवताना कधी पाहिलंच नव्हतं. खाट आत आणली त्या दुपारी पहिल्यांदा पाहिलं, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच्या घशाखाली गरम घास उतरेना.

"अवो, मले आवडते शिळं! तुमची शपथ!"

ते अगदी खरं होतं. पण नत्थूजींनी डोळे मिटून घेतले आणि मिटल्या डोळ्यांतून पाणी कानापर्यंत गेलं. जन्मभर वाफेचं खाल्लेल्या माणसाला हे कसं पटवायचं? आणि पटवायला वेळ तरी कुठे होता!

तिने आपली ताटली बाजूला सारली. वैलावरची वाटी घेऊन खाटेजवळ आली. "पाहा, जेवून राहिली मी," ती म्हणाली. नत्थूजींनी डोळे उघडले. तिने भाताचा मोठा घास तोंडात टाकला. जीभ भाजली. चव काही कळलीच नाही.

"गरम लय चांगलं लागते जी," ती खोटंच बोलली.

नत्थूजींनी तोंड उघडलं.