बशीत मेलेला जंतू

सुरैयानं कापसाचा बोळा जखमेतून फिरवला, काचेच्या नळीत सोडला आणि बूच लावलं. पालथे पडलेले कुशाबा साधं कण्हलेही नाहीत.

पाठीवरचं ते गळू पुण्याच्या दवाखान्यात दोनदा कापलं होतं. दोन्ही वेळा पुन्हा भरलं. पेनिसिलिन झालं, त्याहून भारी इंजेक्शनं झाली. शेवटी जंतू रक्तात गेला आणि चार दिवसांपूर्वी डॉक्टरांनी सांगितलं, आता घरी न्या. जीपमधून त्यांना मुठ्याला आणलं तेव्हापासून ते असेच पालथे होते.

सुरैया ही पौडच्या बांगडीवाल्या हाफीजभाईंची मुलगी. पुण्यात एका प्रयोगशाळेत होती. कुठल्याच औषधाला दाद न देणारे जंतू जमवायचे, वाढवायचे आणि त्यांना मारणारं काही सापडतं का ते शोधायचं, हे तिचं काम. कुशाबांच्या जखमेतला पहिला नमुना तिनं तीन आठवड्यांपूर्वी दवाखान्यातच घेतला होता. आज एस.टी.नं ती दुसरा घ्यायला आली होती.

कुशाबांची बायको लीलाबाई तिच्या हातावर पाणी घालत म्हणाली, "मागल्या टायमाला न्हेलंस, त्याचं काय झालं गं?"

सुरैयाचा चेहरा उजळला. शुक्रवारपासून ती हे कुणाला तरी सांगायला आसुसली होती.

"काकी, तो मेला!"

"कोन?"

"काकांच्या अंगातला जंतू. आम्ही काचेच्या बशीत वाढवला होता ना, तो. हे बघा, जंतूच्या अंगाभोवती एक भिंत असते. ती बांधणारा त्याचा एक गवंडी असतो म्हणा. पेनिसिलिन त्या गवंड्याचे हात धरायचं. भिंत अर्धी राहायची आणि जंतू फुटायचा. पण ह्या जंतूनं गवंडीच बदललाय. पेनिसिलिनला त्याचे हात सापडत नाहीत. आम्ही एक नवीन भुकटी केलीय. तिला सापडले. सकाळी बघितलं तर बशी स्वच्छ!"

लीलाबाईनं तांब्या खाली ठेवला.

"मंग ती घिऊन का न्हाई आलीस?"

आपण काय करून बसलो ते सुरैयाला तेव्हा कळलं.

"ते औषध नाही अजून, काकी. माणसाला कधी दिलेलं नाही."

"मंग कुनाला दिलंय?"

"उंदरांना."

"त्यांला बी ह्योच रोग व्हता?"

"नाही. धडधाकट होते. अंगाला सोसतंय का, ते बघायला दिलं."

"सोसलं?"

सुरैया नळी डब्यात ठेवत होती. डब्याचं झाकण बसेना. तिनं ते काढून पुन्हा बसवलं.

"सहा उंदरांना दिलं. चार मेले. लघवी बंद होऊन मेले."

लीलाबाईनं बोटांवर हिशेब केला. मग म्हणाली, "म्हंजी दोन जगलं."

"काकी, तसं नसतं ते..."

"जगलं का न्हाई?"

"जगले."

"मंग आन की."

"मला सातवा धर, पोरी," कुशाबा म्हणाले.

दोघींनी वळून बघितलं. त्यांचे डोळे मिटलेलेच होते. इतका वेळ ते झोपलेत असंच दोघींना वाटत होतं.

भुकटी प्रयोगशाळेच्या कपाटात कुलपात होती आणि किल्ली तिथल्या साहेबांकडं. पण किल्ली आपल्याकडं असती तर? सुरैयानं स्वतःला विचारून बघितलं. तरी ती देऊ शकली नसती. साहेब काय म्हणतील ते तिला पाठ होतं आणि ते बरोबरच होतं. मात्रा कमी करायची, नवे उंदीर आणायचे, मग ससे, मग माकडं. माणसापर्यंत पोचायला सहा-सात वर्षं, तीही सगळं नीट झालं तर.

"साहेबांना विचारावं लागेल," ती म्हणाली.

"इचार की. मी कुटं नगं म्हंतीया? परत कदी येतीस?"

"बुधवारी."

बुधवारी तिला यायचंच होतं, तिसरा नमुना न्यायला.

लीलाबाई नवऱ्याच्या कानाशी वाकली. "ऐकलं का? बुधवारी आनतीया."

सुरैयानं तोंड उघडलं. आत्ताच सांगायला हवं होतं. लीलाबाई कुशाबांच्या डोक्यावरून हात फिरवत होती. सुरैयानं तोंड मिटलं.

"अगं," कुशाबा हळूच म्हणाले, "वाईच पेज दे. मीठ घालून."

दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी खायला मागितलं होतं. लीलाबाई पळतच चुलीकडं गेली. आतून तिचा भांडी काढण्याचा आवाज यायला लागला, आणि मधूनच ती एकटीच काहीबाही बोलत होती.

पालथ्या माणसाला पाजणं सोपं नव्हतं. लीलाबाईनं वाटी धरली आणि सुरैयानं कुशाबांचं डोकं दोन्ही हातांनी उचलून धरलं. कपाळ चटका बसेल इतकं तापलं होतं. रस्त्यावर सुरैयाच्या परतीच्या एस.टी.चा हॉर्न वाजला. तिला जाता येत नव्हतं. एकेक घोट घेत, मधे थांबून दम खात, कुशाबांनी वाटी रिकामी केली आणि आणखी मागितली.