सूर्यास्तानंतरची बाटली

"शेडमागे जा, घटाघट पी आणि तोंड पुसून ये," भिकन सर दबक्या आवाजात म्हणाले आणि टॉवेलात गुंडाळलेली बाटली त्यांनी जिनलच्या हातात सारली.

जिनल पत्र्याच्या शेडमागे गेली. सरांनी हळूच मान वळवली. मैदानाच्या कडेला घडीच्या खुर्चीवर जिनलच्या आजी, तिच्या 'दादीसा' राजकुंवरबाई, बसल्या होत्या. म्हातारी रोज न चुकता यायची आणि सूर्य कलला की मनगटावरचं घड्याळ डोळ्यांजवळ नेऊन बघत राहायची. नशीब एवढंच, की नेमकी याच वेळी ती पदर सावरत रस्त्याकडे तोंड करून बसायची. जळगावच्या या मैदानावर कितीतरी पालक आले नि गेले, पण अशी पहारेकरीण सरांनी पाहिली नव्हती.

पहिल्याच दिवशी तिने बजावलं होतं, "मास्तर, पळवायचं तेवढं पळवा. पण सूर्य बुडाला की आम्हा जैनांकडे कोणी अन्न घेत नाही, पाण्याचा थेंबही नाही. पोरीला हे मोडायला लावाल, तर दुसऱ्या दिवशी ती इथे दिसायची नाही."

आता बोला! सरांची सकाळ शाळेत जायची, जिनलचं कॉलेज चारला सुटायचं. हिवाळ्याचे दिवस, सराव आटपेपर्यंत अंधारून यायचं. आणि बारा-साडेबारा फेऱ्या मारून आलेल्या पोरीच्या पोटात लगेच काही गेलं नाही, तर दुसऱ्या दिवशी पाय उचलणार कसे? हवेवर?

सरांनी बरंच डोकं खाजवलं. अंडं तर बादच. मध बाद. रताळं जमिनीखालचं, तेही बाद. शेवटी सावद्याची पिकली केळी, दूध, गूळ आणि चिमूटभर मीठ घोटून ते बाटली भरू लागले. बायको म्हणालीसुद्धा, "सोताच्या लेकरांना कधी केळं सोलून दिलं नाही!" सर हसले. पण मनातून पार टरकलेले होते. म्हातारीला सुगावा लागला असता, तर पोर हातची गेली असती.

आणि पोर साधीसुधी नव्हती. गेल्या वर्षी राज्याच्या संघातून चार सेकंदांनी हुकली होती. येत्या रविवारी धुळ्याला निवड चाचणी होती, आणि वीस वर्षांखालच्या गटात तिची ही शेवटची संधी. यंदा हुकली की विषय संपला.

जिनल रिकामी बाटली घेऊन परतली. "छान होतं, सर."

रोज छानच असायचं. मग वेळ का घसरत होती? सोमवारी सहा सेकंद जास्त, मंगळवारी दहा, आज चौदा. एवढं पोटात जातंय ते मुरतंय तरी कुठे, सरांना काही उमगेना.

गुरुवारी अकराव्या फेरीला जिनल वळणावर लटपटली आणि पोटरी धरून आडवीच झाली. पायात गोळा आला होता. ओठ पांढरेफटक. सर बाटली घेऊन धावत सुटले. पश्चिमेला नुसती लाली उरली होती.

"पी."

जिनलने ओठ घट्ट मिटले.

"अगं पी! आजी लांब आहेत अजून."

"नको सर. सूर्य गेला."

"मग रोज काय करत होतीस?"

तिचे डोळे भरून आले. "शेडमागच्या कडुलिंबाच्या बुंध्याशी ओतत होते. तुम्ही एवढ्या मायेने करून आणायचात, तोंडावर नाही म्हणवेना."

सर मटकन खाली बसले. संतापात घरची बोली तोंडाशी आली. "बठ्ठं वाया गयं ना पोरी! म्हणजे एवढं पळून सकाळपर्यंत उपाशी?"

"नेमाप्रमाणे सूर्य उगवल्यावर अठ्ठेचाळीस मिनिटांनी घेते ना, सर."

"चार दिवस सोड तो नेम! रविवारनंतर कर काय करायचं ते."

"दादीसांचं बघून आठवीत घेतलाय मी. त्यांनी पन्नास वर्षांत एकदाही मोडला नाही. मी मोडला हे कळलं, तर जीव जाईल त्यांचा."

तेवढ्यात मागे धापा टाकण्याचा आवाज आला. राजकुंवरबाई येऊन उभ्या होत्या. सरांचा हात आपोआप पाठीमागे गेला.

"मास्तर, काय लपवताय?"

झालं! सरांनी बाटली पुढे केली. आता घाबरून तरी काय मिळणार होतं? "केळं-दूध आहे. रोज मीच देत होतो. हिने घोटभरही घेतलं नाही. मला काय बोलायचं ते बोला, पण आत्ता हिला पाजा. नाहीतर रविवार गेला, आणि ही पोर जन्मभर हळहळेल."

राजकुंवरबाईंनी बाटली हातात घेतली. ही आता भिरकावते, सरांना वाटलं. पण त्या गुडघ्यावर हात टेकत कशाबशा नातीशेजारी मातीत बसल्या आणि तिच्या कपाळावरून हात फिरवला.

"पी बेटा."

"दादीसा, तुम्ही सांगताय? तुम्ही स्वतः कधी मोडला का?"

म्हातारीने मैदानावर चौफेर नजर टाकली. चिटपाखरू नव्हतं. मग कमरेच्या पिशवीत हात घालून तिने पाण्याची छोटी बाटली काढली, आणि पाठोपाठ निम्मी संपलेली गोळ्यांची पट्टी. नातीच्या डोळ्यांदेखत एक गोळी जिभेवर ठेवून ती वर दोन घोट पाणी प्यायली.

"छातीची गोळी आहे, साडेसहाचीच घ्यावी लागते," ती खाली मान घालून म्हणाली. "घरात सगळ्यांसमोर घेववत नाही गं. म्हणून तर रोज इथे येऊन बसते."