वायुदेवाची लंगडी

"बाई, देव लंगडी घालत नाहीत," थिबो म्हणाला.

रंगमंचावर लोइक एक पाय वर धरून तसाच थांबला. तो वायुदेव. फुलांच्या देवीमागून डौलात यायचं आणि वळणावर, काही कारण नसताना, टुणकन एका पायावर उडी मारायची. वादकसुद्धा तिथे खाली माना घालून हसत.

सोलांजबाईंनी मांडीवरचा कागद डोळ्यांजवळ नेला. फ्रान्सच्या राजापुढे एकदा झालेली ही नृत्यनाटिका पुढे कुणी केलीच नाही. उरले ते हे कागद, आणि त्यांवर शाईने काढलेल्या पावलांच्या वाटा. हात कसे, मान कशी, अंगावर काय, काही म्हणता काही नाही. उमेदीची सगळी वर्षं बाईंनी या मुंग्यांच्या रांगांसारख्या रेघा वाचण्यात घातली. गावात त्यांना मुंग्यांची बाई म्हणत.

"लिहिलंय ते, थिबो."

"शाईचा डाग असेल. नक्कल करणाऱ्याचा हात हलला असेल. परवा लोक येणार, बाई, आणि नेमके तिथेच हसणार."

थिबो त्यांचाच विद्यार्थी. बाईंवर त्याचा फार जीव, म्हणून तर त्यांना कुणी हसलेलं त्याला नको होतं.

बाईंनी त्या खुणेवरून बोट फिरवलं. ही एक खूण चुकली असेल, तर बाकीच्या कशावरून बरोबर? मग सगळा नाचच त्यांच्या मनचा.

"मला हल्ली नीट दिसत नसेल," त्या म्हणाल्या. "काढून टाक."

त्यांनी कागदाची घडी करून पिशवीत घातली. आपण जिंकल्याचं थिबोला अजिबात बरं वाटलं नाही.

पोशाख लील शहराहून उशिरा आले. दुपारी पहिल्यांदाच ते घालून तालीम झाली. देवी म्हणजे ओंबलीन, लोइकची बायको. तिच्या झग्याचा घोळ मागे चांगला दोन हात लोळत होता.

"लांब राहा माझ्यापासून," ती म्हणाली.

"घरी तरी कुठे जवळ येऊ देतेस?"

वाद्यं सुरू झाली. वळणावर देवी वळली, वायुदेव लंगडी न घालता डौलात पुढे आला आणि थेट घोळावर उभा राहिला. टर्रकन आवाज झाला. कपडेपटवाल्या ओदीलने कपाळाला हात लावला.

"डोळे आहेत का तुला?" ओंबलीन म्हणाली.

"पाय ठेवू कुठे? तू वळलीस की सगळी जमीन तुझ्या झग्याखाली."

ओदीलने टाचण्या लावल्या. पुन्हा सुरुवात. वळण आलं, घोळ सळसळत लोइकच्या पायाशी आला, आणि त्याने न ठरवताच एक पाय उचलून टुणकन उडी घेतली. घोळ खालून निघून गेला. वादकांपैकी कुणी हसलं नाही.

थिबोने मागे वळून पाहिलं. बाईंनी कागद पुन्हा बाहेर काढला होता, पण त्या रडत होत्या, वाचणार काय.

"चुकलो, बाई."

"मी तरी काय केलं? इतकी वर्षं नुसते पायच बघत बसले."

"म्हणजे लंगडी ठेवायची ना?" लोइकने वरून विचारलं.

"लंगडी कसली रे," बाई म्हणाल्या. "तो तिला जपून चाललाय."