दिघीच्या झुडपाचं बारसं

अमिषानं लॅपटॉप आपटायचंच काय ते बाकी ठेवलं होतं. दिघीच्या खडकावरचं झुडूप नवं म्हणून तिनं जगापुढे मांडलं, शास्त्रीय नावात मोठ्या हौसेनं आईचं ‘जनी’ गुंफलं. आणि आता कळत होतं, त्याच झुडपाचं बारसं कुण्या गोऱ्या साहेबानं शंभर वर्षांपूर्वीच उरकलंय!

“तुझं नाव रद्द झालं, आई,” ती धुमसत म्हणाली. “आमच्या वनस्पतिशास्त्रात आधी ठेवलेलं नावच खरं धरतात. नंतरचं कितीही लाडकं असो, बाद!”

मांदेली साफ करता करता जनीचे हात थांबले.

“बरं झालं बाद झालं. जनी माझंपन नंतरचंच हाय. लग्नात तुझ्या बापानं ठेवलेलं. आधीचं काय होतं, ते तू तरी कवा इचारलंस?”