ठराव क्रमांक सात

"ठराव क्रमांक सात. सगळ्यांनी वाचलाय असं धरून, मंजूर," चिटणीस मान वर न करताच म्हणाला, आणि सभागृहात भराभर हात वर गेले. इस्त्रीवाल्या आजीचा हात मांडीवरच राहिला.

नव्या कायद्याने नगरसभेच्या निम्म्या खुर्च्या चिठ्ठ्या टाकून साध्या माणसांना मिळाल्या होत्या. त्यातली एक तिची. आज पहिला दिवस. निघताना सुनेने बजावलं होतं, आई, तिथे जरा तोंड आवरा.

अध्यक्षांनी गोड हसून विचारलं, आजींचा हात दुखतोय का. जुने सभासद खुसुखुसू हसले.

"चाळीस वर्षं इस्त्री ओढतोय, तो काय दुखेल," ती म्हणाली. "मी हे वाचलेलं नाही. मला धड वाचताही येत नाही. मग मी वाचलंय असं धरलं कुणी?"

हसू जागच्या जागी विरलं. चिटणीस समजावू लागला, ही जुनी रीत आहे, अकरा पानं कोण वाचत बसणार, सगळ्यांना घरी जायचं असतं. आजीने पिशवी खुर्चीला अडकवली आणि ऐसपैस बसली. मला घाई नाही, म्हणाली, स्वयंपाक आज सुनेकडे आहे.

चिठ्ठीनेच आलेल्या गवंड्याने हात खाली घेतला. मीही नाही वाचलं, म्हणाला. मग नर्सबाईचा हात उतरला. मग बसड्रायव्हरचा.

चिटणीसाने चष्मा चढवला. आजी दर वाक्याला त्याला अडवी. पाचव्या पानावर तो आपणहून थांबला. कारखान्यामागच्या गल्लीतल्या सार्वजनिक जलस्रोताचे निष्कासन, आणि ती जागा वाहनतळास.

आजी त्याच गल्लीतली. "म्हणजे काय ते नीट सांग, बाबा."

"नळ काढणार," तो हळूच म्हणाला.

साठ घरांचा एक नळ. अध्यक्षांनी पुन्हा हात वर करायला सांगितले, आणि पहिला स्वतःचा केला. नव्यांतून एकही वर आला नाही. जुन्यांतल्या दोघांना अचानक टेबलावरची धूळ दिसू लागली. ठराव पडला. यापुढे प्रत्येक ठराव मोठ्याने वाचायचा, हेही तिथल्या तिथे ठरलं; तेव्हा मात्र आजीचा हात सगळ्यांच्या आधी वर होता.

"ठराव क्रमांक आठ," अध्यक्ष म्हणाले. जरा थांबून म्हणाले, "वाचा."

चिटणीसाने तोंड उघडलं, पण घसा पार बसला होता. आजीने पिशवीतली बाटली काढून त्याच्यापुढे सरकवली.

"पी सावकाश. आमच्या नळाचं आहे."