सात इंचांचं अतिक्रमण

घरामागच्या परड्यातला हद्दीचा दगड सरकवून चुलतभाऊ भूपालनं आपली जागा बळकावलीय, अशी बोरगावच्या जिनाप्पांची पक्की खात्री होती. त्यापायी नऊ वर्षं त्यांनी भूपालशी बोलणं टाकलं होतं. शेवटी त्यांनी बेळगावहून लेझर स्कॅनरवाला सर्व्हेअर बोलावला. मशीनला ना भाऊ ना भावकी, असं गल्लीभर सांगूनही आले.

मोजणीच्या दिवशी मात्र भूपाल गुपचूप दगड परत जागेवर नेऊन ठेवील, या धास्तीनं ते सकाळपासून दगडाला खेटून, भूपालच्या घराकडं तोंड करून उभे राहिले.

"काका, जरा बाजूला व्हा की. मशीनला दिसंल ते सगळं मोजलं जातंय," सर्व्हेअर श्रेयस म्हणाला.

"जाऊ दे की! मी हितनं हलणार न्हाय."

चार दिवसांनी श्रेयसनं दोघा भावांना समोर बसवून लॅपटॉप उघडला. पडद्यावर ठिपक्याठिपक्यांचं परडं होतं आणि त्यात कमरेवर हात ठेवलेले ठिपक्यांचे जिनाप्पा.

"दगड जुन्या नकाशाप्रमाणं जागच्या जागी हाय, काका. हद्द ओलांडलीय ती फक्त ह्यानं," म्हणत त्यानं पडद्यावरच्या जिनाप्पांच्या पोटावर बोट ठेवलं. "सात इंच."

जिनाप्पांनी श्वास आत ओढून धरला, पण पडद्यावरचं पोट काही आत जाईना.



नऊ वर्षांत पहिल्यांदाच भूपाल बोलला, "असू दे अण्णा, तेवढं ऱ्हाऊ दे माझ्याकडं."