टपाचं जुनं अस्तर

“हे मशीनचं काम न्हाय. हातशिवण हाय. लई गोड हात!”

पिकअप गाडीच्या टपाखालून उतरवलेलं अस्तर गुरप्पानं उजेडात धरलं. कापड धुरकट झालं होतं, कडेला फाटलंही होतं. टाके मात्र कणसात जोंधळा बसावा तसे, एकाला एक लागून.

दाक्षायणीचा पाय शिलाई मशीनवर थांबला. पाच वर्षांमागं सासरे गेले. गुरप्पा कुर्डुवाडीची रेल्वेतली नोकरी सोडून त्यांच्या शुक्रवार पेठेतल्या या दुकानात बसला आणि त्यानंच हे मशीन आणलं. तेव्हापासून ती मशीनवरच गाड्यांची अस्तरं, सीटांच्या खोळी शिवत होती. “वाकडं गेलं की गं,” याखेरीज नवऱ्याच्या तोंडून शब्द नाही.

“बाईचा हात दिसतो,” तो म्हणाला.

“बायकांचे हात तुमाला बरे वळकू येतात!”

तो हसला. “डायवरला इचारून येतो. बाई घावली तर श्रीपूरच्या कारखान्याच्या चार गाड्या तिलाच देऊ. तू जरा इसावा घे.”

तो समोरच्या हॉटेलात गेला, तिथं ड्रायव्हर चहा पीत बसला होता.

इसावा! सकाळीच तिनं इष्टलिंगाची पूजा केली होती. सोमवारचा उपास होता. या दिवशी कुणाचं वाईट चिंतायचं नाही, हा नेम. तरी हात कात्रीकडं गेला. कोण ही भवानी? तरणी असेल. बोटं बारीक असतील. तिनं टाका कापला, मग दुसरा, मग सरळ कापडच कापलं.

शेवटच्या शिवणीत कात्री अडली. दुमडीत गाठीएवढं काहीतरी होतं. तिनं बोटानं उकरलं. चिंधीची पुडी निघाली, आणि विभूती तिच्या मांडीवर सांडली.

दाक्षायणी चिंधीकडं बघत राहिली. लाल इरकली काठ. तिच्या लग्नातल्या लुगड्याचा.

तेव्हा गुरप्पा कुर्डुवाडीला असायचा. सासरे अस्तराचं कापड घरी आणून द्यायचे, तिनं हातानं शिवून दिलं की घेऊन जायचे. कुठल्या गाडीला लागलं, तिनं कधी पाहिलं नाही. शेवटच्या टाक्याआड देवाची विभूती ठेवायची, एवढाच तिचा नेम. मशीन आलं आणि तो नेमही सुटला, हातातली सुईही.

गुरप्पा परत आला. “डायवरला कायबी ठाव न्हाय. तीन मालक झाले म्हणं गाडीचे. जाऊ दे. तेवढं अस्तर नमुना म्हणून जपून ठेव. बघून शिकशील.”

अस्तराचे तुकडे तिच्या पायाशी पडले होते. तिनं मांडीवरची विभूती चिमटीत धरली आणि कपाळाला लावली.

“नमुना मी कापला,” ती हळूच म्हणाली. “बाई तेवढी घावली.”